राजस्थानात तंबू ठोकायचा तर आधी जमीन पाहा

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात आमचं ताडपत्रीचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी आणि माझे दीर चालवतो. पावसाळ्याआधी गच्चीवाले, टेम्पोवाले, मांडववाले येतात. दिवाळी सरली की ट्रेकची मुलं येऊ लागतात. त्यांच्यातले बरेच जण हल्ली म्हणतात, "काकू, राजस्थानला चाललोय, तंबूखाली टाकायला काहीतरी द्या." मी विचारते, राजस्थानात कुठे? उत्तर ठरलेलं असतं: जैसलमेर, उदयपूर, वेळ उरला तर माउंट अबू. तंबू एक, खुंट्यांचा संच एक, आणि तोही पवनेच्या काठी किंवा भंडारदऱ्याला वापरलेला. मग मी त्यांना बसायला स्टूल देते आणि जे सांगते तेच इथे लिहिते आहे. मी आणि माझे यजमान, कधी सोबत नणंद आणि तिची मुलं, असे आम्ही हिवाळ्यात गाडी घेऊन तिकडे जात आलो आहोत. दोर-कापडाचा धंदा असल्यामुळे माझं लक्ष देखाव्याआधी जमिनीकडे जातं. रात्र सुखाची जाणार की नाही हे खुंटी किती घट्ट बसते त्यावर ठरतं, आणि राजस्थानात खुंटी दर दोनशे किलोमीटरला वेगळी लागते.

राजस्थान हे क्षेत्रफळाने देशातलं सर्वांत मोठं राज्य, 3,42,239 चौरस किलोमीटर. अरवलीची रांग त्याला नैऋत्येकडून ईशान्येकडे तिरकी छेदत जाते. तिच्या पश्चिमेला थरचं वाळवंट, दक्षिणेला मेवाडचे डोंगर, आग्नेयेला हाडोतीचं पठार. जैसलमेरला वर्षभरात साधारण 200 मिलिमीटर पाऊस पडतो. अबूच्या माथ्यावर 1500 च्या आसपास. फलोदीला 19 मे 2016 या दिवशी पारा 51 अंशांवर गेला होता, आणि त्याच राज्यात शेखावाटीतल्या फतेहपूरला किंवा चुरूला जानेवारीत तो शून्याखाली उतरतो. तेव्हा कुठे जाणार ते आधी पक्कं करा, सामान मग बांधा.

वाळवंटासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ उत्तम. मार्चपासून दुपार तापते, साप बाहेर पडू लागतात, आणि एप्रिलनंतर तंबू हा विषयच नको. मेवाडचे डोंगर मात्र मी सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरात सुचवते. पाऊस नुकताच गेलेला असतो, तळी भरलेली असतात, रात्री सौम्य असतात. अबूला दिवाळीच्या आठवड्यात जाऊ नका. अख्खं गुजरात त्या दिवसांत तिथे लोटतं. डिसेंबर-जानेवारीत पश्चिम राजस्थानात मधूनच पाऊस येतो, तिकडे त्याला मावठ म्हणतात. शेतकरी त्याची वाट पाहतात, पण "वाळवंटात कसला पाऊस" म्हणून तंबूचं वरचं कापड घरी ठेवून आलेल्यांची त्या रात्री फार आबाळ होते. वरचं कापड नेहमी सोबत असू द्या.

गाडीने जायचं तर ठाण्याहून घोडबंदर रोडने महामार्ग 48 ला लागायचं. पहाटे चारच्या आत गायमुखचा घाट ओलांडला तर ट्रकांच्या रांगेत अडकत नाही. नवी मुंबईकरांनी ठाणे-बेलापूर रोडने येऊन हाच रस्ता धरावा. सुरत, वडोदरा, अहमदाबाद, हिम्मतनगर, शामळाजी, रतनपूरची सीमा, खेरवाडा आणि उदयपूर. साडेसातशे किलोमीटरच्या आसपास होतात; वाटेत मुक्काम करा, हट्टाने एका दमात जाऊ नका. तिथून जोधपूरमार्गे जैसलमेर आणखी पाचशेच्या वर. रेल्वेने जाणाऱ्यांना बोरिवली किंवा वसई रोडहून जोधपूरकडच्या गाड्या मिळतात, अबू रोड, जवाई बांध, फालना ही सगळी स्थानकं त्याच मार्गावर आहेत. एक लक्षात ठेवा, गॅसचा सिलेंडर, अगदी कॅम्पिंगचा हातभर डबासुद्धा, रेल्वेतून नेता येत नाही. शेगडीचं तोंड सोबत न्या आणि गॅस तिथल्या मोठ्या गावात घ्या, किंवा जिथे उतराल त्या घरी पैसे देऊन चुलीवर रांधायला मागा. बाजरीचा रोटला आणि लसणाची चटणी आपल्याहाती होते त्याहून तिथे फार छान मिळते.

वाळूत खुंटी कशी धरते

थर म्हणजे सगळीकडे वाळूच्या टेकड्या, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. जैसलमेरभोवती प्रत्यक्षात मैलोन्मैल कडक, पिवळ्या दगडाची सपाटी आहे. टेकड्या लागतात त्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर समला, आणि नैऋत्येला पन्नासेक किलोमीटरवर खुरीला. समला रिसॉर्टांची रांग आहे, रात्री उशिरापर्यंत गाणी चालतात. सूर्यास्त पाहायला समला जावं, झोपायला खुरीकडचं एखादं गाव गाठावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे गावात ज्यांची जमीन आहे त्यांना विचारून, ठरवून पैसे देऊन त्यांच्या वाड्याशेजारी किंवा पडीक शेतात तंबू लावता येतो. विचारल्याशिवाय कुठेही लावू नका. ओसाड दिसणारा प्रत्येक तुकडा तिथे कुणाच्या तरी मालकीचा किंवा गावच्या गुरांच्या चराईचा असतो.

जागा निवडताना टेकडीचा माथा टाळा, तिथे रात्रभर वारा फडफडवतो. टेकडीचा जो उतार लांब आणि सौम्य असतो तो वाऱ्याच्या बाजूचा. जो उभा आणि भुसभुशीत असतो तो आडोशाचा. आडोसा म्हणून उभ्या उताराच्या पायथ्याशी तंबू लावायचा मोह होतो, पण ती वाळू सरकत खाली येत असते. दुसरं असं की, थरमधल्या मोठ्या टेकड्या उन्हाळ्यातल्या नैऋत्येच्या वाऱ्याने घडलेल्या आहेत. तुम्ही जाणार हिवाळ्यात. त्या रात्रीचा वारा कुठून येणार हे टेकडी सांगणार नाही. वाळूवरच्या बारीक लाटा पाहा, त्या कालपरवाच्या वाऱ्याने उठलेल्या असतात. तंबूचं दार त्या वाऱ्याकडे पाठ करून ठेवा. दोन टेकड्यांमधली सपाट, थोडी घट्ट जमीन सर्वांत चांगली. टाच जोरात मारून पाहायची, चार बोटांहून खोल रुतली तर आणखी पुढे चाला. कैर किंवा आकाच्या जाळीचा आडोसा मिळाला तर उत्तम (आक म्हणजे आपली रुई). खेजडीच्या बुंध्याशी मात्र तंबू नको. दुपारी तिथे शेळ्या-उंट विसावतात, गोचिडी असतात, काटेही असतात.

आता खुंटी. तंबूबरोबर येते ती तारेची खुंटी वाळूत बोटानेसुद्धा उपटता येते. बाजारात वाळूच्या रुंद, लांब खुंट्या मिळतात, पण महाग आणि जड. मी गिऱ्हाइकांना पिशव्या शिवून देते. खताच्या किंवा सिमेंटच्या रिकाम्या पोत्याचं कापड घ्यायचं, वीतभर रुंद आणि दीड वीत लांब पिशवी शिवायची. एका तंबूला आठ लागतात, चार कोपऱ्यांना, चार ताणाच्या दोऱ्यांना. आठ पिशव्या रिकाम्या असताना खिशात मावतात. तिथे गेल्यावर पाऊण पिशवी वाळू भरा, तोंड बांधा, आणि दोरी पिशवीच्या मध्यावर आवळा. कोपरापर्यंत हात जाईल इतका खड्डा खणा आणि पिशवी आडवी ठेवा, म्हणजे तिची लांबी दोरीच्या ओढीला काटकोनात येईल. मग खड्ड्यापासून तंबूकडे दोरीसाठी एक तिरपी चर काढा. ही चर फार महत्त्वाची आहे. ती नसेल तर दोरी खड्ड्याच्या कडेवरून वळते, पिशवीला वर उचलते आणि वारा आला की पिशवी बाहेर. चर काढली की ओढ सरळ राहते आणि वरची सगळी वाळू पिशवीवर दाबून बसते. खड्डा बुजवा, पायाने थापा, थोडा वेळ थांबा, पुन्हा थापा, मगच दोरी ताणा. सकाळी निघताना दोरी सरळ वर ओढली की पिशवी निघते, वाळू तिथेच ओतून द्यायची.

दोरी चमकदार, स्वस्त, प्लॅस्टिकची घेऊ नका. तिच्यावर गाठ सुटते आणि उन्हाने ती कुरकुरीत होते. चार मिलिमीटरची विणलेली नायलॉन दोरी घ्या. ही भिजली की ताणते, आणि हिवाळ्यात वाळवंटातही पहाटे दव पडतं, म्हणून झोपण्यापूर्वी सगळ्या दोऱ्या एकदा घट्ट करायच्या. सुतळी तर अजिबात नको.

तंबूखालची ताडपत्री वाळूत पातळ चालते, 120 जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजन) पुरे. पण ती तंबूच्या तळापेक्षा चार बोटं आत राहिली पाहिजे, चारी बाजूंनी. बाहेर डोकावली की कापडावरून ओघळणारं दव किंवा पाऊस तिच्यावर जमतो आणि तुमच्या खाली येतो. आमच्याकडे लोक हटकून मोठी मागतात आणि मी हटकून लहान देते.

चेनमध्ये वाळू गेली की चेन गेली. कुणी तेल लावायला सांगतील, लावू नका. तेलाला वाळू चिकटते आणि दात झिजतात. जुना कोरडा टूथब्रश ठेवा, रोज सकाळी चेन झाडा. तंबूच्या कांड्या जोडण्यापूर्वी प्रत्येक सांधा पुसा. फायबरच्या कांडीत वाळू अडकली तर ती तिथेच चिरते.

गाडीबद्दल एकच: साधी गाडी डांबर सोडून वाळूत घालू नका. चारचाकी ताकदीची गाडी असेल तर टायरची हवा अठरा-वीस पीएसआयपर्यंत उतरवून वाळूत शिरायचं आणि डांबरावर येताच पंपाने परत भरायची. अंधार पडल्यावर प्रवास नको. रस्त्यावर उंट बसलेले असतात, आणि वाऱ्याने वाळूचे पट्टेही आलेले असतात.

भुरट नावाचं गवत तिथे सगळीकडे आहे. त्याची बारीक काटेरी बोंडं मोजे, चादर, स्लीपिंग बॅग, सगळ्याला चिकटतात आणि हाताने काढताना बोटात मोडतात. बारीक दातांची फणी आणि चिमटा न्या. गाद्या फुगवायच्या असतील तर घरीच ठेवा, फोमची चटई न्या. भुरट आणि वेडी बाभूळ मिळून फुगवलेल्या गादीचं पहिल्याच रात्री चाळण करतात.

सापांची धास्ती घेऊ नका, काळजी घ्या. कोकणातल्यांना फुरसं माहीत आहे, त्याचाच भाऊबंद थरमध्ये आहे. दुसरा आहे पीवणा. तो रात्री झोपलेल्या माणसाचा श्वास पिऊन जातो अशी तिकडे जुनी समजूत. ती मण्यारीच्या कुळातली जात आहे. जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावते, दात लागल्याचं कळतही नाही, आणि विष श्वासाच्या स्नायूंवर जातं, म्हणून माणूस गुदमरतो. उपाय साधा आहे: तंबूची आतली जाळी कायम बंद, अगदी दोन मिनिटांसाठी बाहेर गेलात तरी. बूट आत ठेवा, सकाळी उलटे करून झटका, विंचवासाठीही तेच. टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका. शक्य असेल तर गावातून खाट मागून घ्या. आणि चावलाच, तर मांत्रिक नको, दोरी आवळणं नको, हात किंवा पाय न हलवता थेट सरकारी रुग्णालय. सर्वांत जवळचं कुठे आहे हे तंबू लावण्याआधी विचारून ठेवायचं.

पाणी, लाकूड आणि गावाची मर्यादा

माणशी दिवसाला पाच लिटर पाणी धरा, पिण्याचं आणि रांधायचं मिळून. कोरड्या हवेत घाम दिसत नाही, त्यामुळे तहान लागेपर्यंत थांबू नका. मी वीस लिटरचा जार शहरातून भरून घेते आणि गावातलं पाणी पिण्यापुरतंच, विचारून.

हे मी कळकळीने सांगते. मारवाडात शेताच्या कडेला किंवा घराच्या अंगणात जमिनीखाली टाकी दिसेल, वर छोटं लोखंडी झाकण. तो टांका. वर्षभरातल्या मोजक्या सरींचं पाणी त्यात साठवलेलं असतं. टांक्याभोवती हलक्या उताराची, झाडून स्वच्छ ठेवलेली गोल जमीन असते, तिला आगोर म्हणतात. पाऊस आगोरावर पडतो आणि वाहत टांक्यात जातो. शहरातल्या माणसाला ही जागा तंबूसाठी अगदी योग्य दिसते: सपाट, साफ, घट्ट, काटे नाहीत. तिच्यावर तंबू सोडाच, चपला घालून पाऊलही टाकायचं नसतं. बाडमेरकडच्या एका गावात आम्ही जागा विचारली तेव्हा वयस्क काकोसांनी हात पसरून म्हटलं, "आगोर सोडून कुठंही लावा, बाईसा." बाकी सगळी जमीन मोकळी दिली त्यांनी. गावतळ्याचंही, म्हणजे नाडीचंही, तसंच आगोर असतं. नाडीत भांडी घासू नका, आंघोळ करू नका, काठावर शौचाला जाऊ नका. भांडी कोरड्या वाळूने घासा, तिथल्या बायका घासतात तशी. खरकट्याचा तेलकटपणा निघून जातो आणि पाणी घोटभरही लागत नाही.

खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण तिची पूजा करतो, ते लोक तिच्यावर जगतात: पाला शेळ्यांना, शेंगा म्हणजे सांगरी माणसांना. जोधपूरजवळच्या खेजडली गावात 1730 साली अमृतादेवी आणि त्यांच्यासह 363 बिश्नोई माणसांनी ही झाडं तुटू नयेत म्हणून प्राण दिले. तिथे शेकोटीसाठी वाळकी फांदी मोडायची, हे मला सहन होत नाही. गावात गोवऱ्या विकत मिळतात, त्या घ्या. गोवरीचा विस्तव मंद असतो, ठिणग्या कमी उडतात, बाटी भाजायला तोच लागतो. ओरण दिसलं, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, तर तिथून काडीही उचलायची नाही. आपल्या देवराईचा जो नियम, तोच. शेकोटी तंबूपासून पंधरा फूट लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. नायलॉनच्या कापडाला एक ठिणगी पुरते.

कोरड्या नदीच्या पात्रात तंबू लावू नका. मऊ वाळू, दोन्ही काठांचा आडोसा, सगळं आमंत्रण देणारं असतं. ऑगस्ट 2006 मध्ये बाडमेर जिल्ह्यातलं कवास गाव पुरात बुडालं आणि पाणी कितीतरी दिवस हटेना, कारण जमिनीखाली जिप्समचा थर आहे आणि पाणी मुरायला वाट नव्हती. वाळवंटात पाऊस येतो तेव्हा तो असा येतो. खडीन, म्हणजे बांध घालून पावसाचं पाणी अडवलेलं गहू-हरभऱ्याचं शेत, हीही तंबूची जागा नव्हे, ते कुणाचं तरी वर्षाचं धान्य आहे.

डेझर्ट नॅशनल पार्कच्या हद्दीत उतरू नका, गाडी रस्त्याखाली घालू नका. तिथे गोडावण आहे, आपला माळढोक, जो सोलापूरजवळच्या नान्नजला आता जेमतेम ऐकू येतो. मादी उघड्या जमिनीवर एखादंच अंडं घालते, गाडीच्या चाकाखाली ते कुणाला कळणारही नाही. आणि सीमेजवळच्या पट्ट्यात मुक्कामाचा विचार नको. तनोटचं मंदिर आणि लोंगेवाला दिवसा पाहा, अंधाराच्या आत माघारी फिरा.

अरवलीत, मेवाडात आणि अबूवर

इथे सगळं उलट. वाळूच्या पिशव्या गाडीत ठेवा आणि स्टीलच्या जाड खुंट्या, हातोडा काढा. मेवाडची माती पातळ, खाली दगड. खुंटी एका फटक्यात अडली तर तिथेच ठोकत बसू नका, चार बोटं सरकवा. तंबूपासून दूर झुकवून तिरकी ठोका. ऑक्टोबरात मक्याची कापणी झालेली असते आणि डोंगरउतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात जागा मिळते. मात्र मक्याचे कापलेले खुंट तिरके, टोकदार असतात. तिथे पातळ ताडपत्री टिकत नाही, 200 ते 250 जीएसएमची जाड घ्या आणि आधी हाताने जमीन चाचपून खुंट उपटा. शेतमालकाला हे काम आवडतंच.

कुंभलगड साधारण 1,100 मीटर उंचीवर आहे, तटबंदी 36 किलोमीटरची. गड आणि भोवतीचं जंगल अभयारण्यात येतं. आत परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. पायथ्याच्या केलवाड्यात किंवा आसपासच्या घरांच्या आवारात तंबू लावायचा आणि रणकपूरपर्यंत रानातून चालायचं तर वनखात्याची परवानगी काढून वाटाड्या घेऊन. बिबट्या आणि अस्वल दोन्ही आहेत. नाळेच्या तोंडाशी, दोन डोंगरांच्या चिमटीत, तंबू टाळा. वारा तिथूनच घुसतो आणि जनावरांची वाटही तीच असते.

अबूचं गुरुशिखर 1,722 मीटर, आपल्या कळसूबाईहून उंच. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गवतावर हिम जमतं. थंड हवा रात्री उतरून खोलगट जागेत साचते, त्यामुळे दरीच्या तळातल्या हिरवळीपेक्षा थोड्या वरच्या पायरीवर तंबू दोन-तीन अंश तरी उबदार राहतो. अबूवर अस्वलं संध्याकाळी वस्तीपर्यंत येतात. खाणं, खरकटं, अगदी टूथपेस्टही तंबूत नको. डिकीत बंद करून ठेवा. इथेही जंगल अभयारण्याचं आहे, मुक्काम परवानगी असलेल्या आवारातच.

थंडीबद्दल सगळ्यांना एकच सांगते: पांघरूण कमी पडत नाही, अंथरूण कमी पडतं. अंगाची ऊब खालून जमिनीत जाते. वाळू तर दिवसभर तापलेली वाटते आणि मध्यरात्रीपर्यंत गार पडते. खाली फोमची चटई, तिच्यावर जुनी गोधडी दुहेरी, मग स्लीपिंग बॅग. जैसलमेरला शून्य ते पाच अंशांपर्यंत आरामदायक असलेली बॅग पुरते, चुरू-फतेहपूर आणि अबूला त्याहून उबदार, वरून एक लोकरीचं पट्टू. जैसलमेर-बाडमेरकडे हे हातमागावर विणतात, तिथेच विकत घ्या. आणि कोळशाची शेगडी तंबूत कधीही नेऊ नका, दार अर्धं उघडं ठेवूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

जवाईला दगडाची भाषा

पाली जिल्ह्यात जवाई बांधाभोवती ग्रॅनाइटच्या गोल, उघड्या टेकड्या आहेत आणि त्यांच्या कपारींत बिबटे राहतात, रबारी धनगरांच्या शेजारी, पिढ्यान्पिढ्या. येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्या ठाणेकरांना बिबट्याचा शेजार नवा नाही. जसा येऊरला राष्ट्रीय उद्यानात तंबू लावत नाही, तसाच जवाईच्या टेकड्यांवर उघड्यावर लावू नका. कुंपणाच्या आवारात, घरमालकाच्या सल्ल्याने. धरणात मगरी आहेत, पाण्याच्या काठाशी तर नकोच.

आवारातही बऱ्याचदा खाली सलग खडक असतो, खुंटी शिरतच नाही. म्हणून या सहलीसाठी तंबू स्वतःच्या कांड्यांवर उभा राहणाराच हवा. दोरीच्या टोकाला फास करा, त्यात हाताएवढा लांबट दगड किंवा काठी आडवी घाला, आणि तिच्या पुढे, तंबूच्या बाजूला, दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा मोठा दगड ठेवा. ओढ आली की लहान दगड मोठ्यावर जाऊन अडकतो. दोरी मोठ्या दगडाला नुसती गुंडाळू नका, ग्रॅनाइटच्या कडेवर ती रात्रभरात घासून तुटते. धरणाजवळ दव भरपूर पडतं. तंबूच्या वरच्या झरोक्या उघड्या ठेवा, नाहीतर श्वासाचं पाणी आतून टपकतं.

हाडोतीकडे, म्हणजे कोटा-बुंदी-झालावाडला, आपले लोक कमी जातात. दक्षिणेकडच्या भागात आपल्या सह्याद्रीचाच काळा कातळ आणि काळी माती लागते, खुंटीही तशीच बसते. पण चंबळच्या काठावर मगर आणि घडियाल आहेत. मुक्काम पाण्यापासून लांब, उंचावर. सांभरला मिठाच्या पांढऱ्या पृष्ठभागावर तंबू लावायचा हट्ट धरू नका, खाली ओला चिखल असतो, गाडीही रुतते. काठावर लावा, आणि परत आल्यावर लोखंडी खुंट्या गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर आठवड्यात गंज चढतो.

जाण्याआधी, आल्यावर

निघण्यापूर्वी सोसायटीच्या गच्चीवर तंबू एकदा उभा करा, तोही अंधारात, टॉर्च लावून. कांड्या, दोऱ्या, चेन, जाळी तपासा. कापडाच्या शिवणीवरची पट्टी आतून सुटली असेल तर सीम सीलर लावून दोन दिवस सुकू द्या. ताडपत्रीच्या पितळी रिंगा ओढून बघा, ज्या हलतात त्या आधी बदलून घ्या.

परत आल्यावर तंबू उलटा करून झाडा, कोपऱ्यांत किलोभर वाळू निघेल. साबण न लावता साध्या पाण्याने पुसा, सावलीत पूर्ण वाळवा. ठाण्याच्या दमट हवेत तंबू घट्ट गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत माळ्यावर टाकला तर आतला पाणीरोधक थर चिकट होऊन सुटू लागतो, आणि मग तो परत बसवता येत नाही. जुन्या सुती उशीच्या खोळीत सैल भरा, पंख्याची हवा लागेल अशा खोलीत ठेवा, आणि पावसाळ्यात उघडीप पडेल त्या दिवशी काढून दोन तास पसरा. पिशव्या आणि दोऱ्या वेगळ्या ठेवा, वाळूच्या खुंट्यांवर आणि स्टीलच्या खुंट्यांवर चिठ्ठी लावा, म्हणजे पुढच्या वेळी कुठे निघालात त्याप्रमाणे नेमकं तेच हाताला लागेल.